चाळीस कलमांची बाग: हापूसचा हिशेब आणि वर्षभराची कामं

दहा बाय दहा मीटरवर लावलेल्या हापूसच्या एका एकरात चाळीस कलमं बसतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा एक-दोन एकरांच्या बागा पुष्कळ आहेत. वडिलांनी लावलेल्या, सातबाऱ्यावर चार नावं असलेल्या, आणि मालक निम्मा वेळ मुंबईत. अशा बागेला पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे ‘झाडाला किती फळं?’ गावात पाचशेचा आकडा सहज ऐकू येतो. तो खोटा नसतो, पण तो त्या एका झाडाचा, त्या एका वर्षाचा असतो. हापूस एक वर्षाआड धरतो, त्यातही चाळीसपैकी काही झाडं दर वर्षी कोरीच राहतात. कोकणातली सरासरी हेक्टरी दोन-अडीच टनांच्या आसपास आहे. म्हणजे एकरी आठशे ते हजार किलो. अडीचशे ग्रॅमचं फळ धरलं तर 3200 फळं, 266 डझन. हिशेब इथून सुरू करावा, पाचशेपासून नाही.

हिशेब आधी

खालचे दर नमुन्याचे आहेत. स्वतःच्या गावातली मजुरी, औषधांची बिलं आणि गेल्या हंगामाच्या पट्ट्या (दलालाने दिलेले विक्रीचे हिशेब) समोर ठेवून ते बदलून घ्यावेत. आकड्यांपेक्षा त्यांची मांडणी महत्त्वाची आहे.

पंधरा-वीस वर्षांची चाळीस झाडं. शेणखत, रासायनिक खत आणि ते घालण्याची मजुरी मिळून झाडाला 400 रुपये धरले तर 16,000. पॅक्लोब्यूट्राझोल (मोहोर आणणारं औषध) आणि ते घालायला भोकं पाडण्याची मजुरी 6,000. पावसाळ्यानंतरची साफसफाई आणि बेणणी (गवत काढणं) 8,000. पूर्ण वाढलेलं झाड नीट भिजवायला पंधरा लिटर द्रावण लागतं. चाळीस झाडांना 600 लिटर. औषध, पंप, पेट्रोल आणि दोन-तीन गडी मिळून एक फवारणी 6,000 ला पडली, तर पाच फवारण्यांचे 30,000. पाणी, सापळे आणि राखणीतला आपला वाटा 10,000. एकूण 70,000 रुपये, आणि अजून एकही फळ उतरलेलं नाही.

आता फळं. 3200 पैकी साठ टक्के, म्हणजे 160 डझन, चांगल्या दर्जाची निघतील. पंचवीस टक्के, म्हणजे 67 डझन, बारीक किंवा डागी. उरलेली 480 फळं, 120 किलो, कॅनिंगला. सगळा माल मेमध्ये पेटीतून बाजारात गेला आणि चांगल्या मालाला डझनाला सरासरी 350, डागीला 150, कॅनिंगला किलोला 30 मिळाले, तर 56,000 अधिक 10,050 अधिक 3,600 मिळून 69,650 रुपये होतात. त्यातून काढणी-निवडणीचे डझनाला 40 प्रमाणे 10,640 आणि पेटी-भाड्याचे 160 डझनांवर 50 प्रमाणे 8,000 वजा केले की हातात राहतात 51,010. खर्च 70,000. तोटा एकोणीस हजारांचा.

तेच 160 डझन घरी आढी घालून थेट गिऱ्हाईकाला 700 रुपयांनी दिले तर एकूण 1,25,650 होतात. काढणी 10,640, खोकं-पार्सल-खराबी डझनाला 130 प्रमाणे 20,800, आणि आधीचे 70,000 वजा करून 24,210 उरतात. झाडं तीच, फळं तीच. पहिल्या वाटेनेही माल महिनाभर आधी बाजारात गेला असता तरी चित्र बदललं असतं, कारण मार्चचा आंबा आणि मेअखेरचा आंबा यांच्या भावात अनेकदा दुपटीहून जास्त फरक असतो.

छोट्या बागेला एकूण टन फारसे वाढवता येत नाहीत. तिच्या हातात तीनच गोष्टी आहेत: साठ टक्क्यांचे सत्तर टक्के करणं, माल लवकर आणणं, आणि निदान निम्मा माल स्वतः विकणं. यापुढची सगळी कामं या तीन गोष्टींशी ताडून बघावीत. पाचशे झाडांच्या बागायतदाराचं बघून आठ-नऊ फवारण्या मारणं हा चाळीस झाडांची बाग बुडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

जून: खत

मोठ्या झाडाला वर्षाला 50 किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश लागतं. दुकानाच्या भाषेत, साधारण सव्वातीन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पावणेदोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. दहा वर्षांखालच्या झाडाला वयाच्या प्रमाणात, म्हणजे पाच वर्षांच्या कलमाला निम्मं.

खत खोडाशी ओतायचं नाही. अन्न घेणारी बारीक मुळं झाडाच्या विस्ताराच्या कडेला असतात. कडेच्या हात-दीड हात आत गोल चर काढायचा, 30 सेंटीमीटर रुंद आणि 15 खोल. तळाला पालापाचोळा, त्यावर शेणखत, त्यावर रासायनिक खत, मग माती. उतारावर पूर्ण गोल न काढता वरच्या अंगाला अर्धा चर काढला तरी चालतो, पाण्याबरोबर खत खाली उतरतं. पहिला जोराचा पाऊस पडून जमीन भिजली की हे काम उरकावं. जुलैच्या धारांत घातलेला युरिया वहाळाला मिळतो.

जुलै-ऑगस्ट: कल्टार

पॅक्लोब्यूट्राझोलला गावात कोणत्याही कंपनीचं असलं तरी कल्टारच म्हणतात. ते झाडातल्या जिबरेलिनची (वाढीच्या संप्रेरकाची) निर्मिती दाबतं, नवी पालवी थांबते आणि काडीत साठलेलं अन्न मोहोराकडे वळतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर आहे: दर मीटरला 3 मिली. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा दोनदा आरपार मोजून सरासरी काढायची. आठ मीटर भरला तर 24 मिली. चाळीस झाडांना मिळून लिटरभर औषध पुरतं.

वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट. खोड आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध झाडाभोवती पहारीने 25 ते 30 भोकं पाडायची, 10 ते 15 सेंटीमीटर खोल. औषध तीन ते सहा लिटर पाण्यात ढवळून सगळ्या भोकांत सारखं वाटायचं आणि भोकं मातीने बुजवायची. मुसळधार पावसात हे करू नये. झाडाखाली गवत माजलेलं असेल तर आधी काढावं, नाहीतर निम्मं औषध गवत पितं.

फसतं ते मात्रेत आणि झाडाच्या निवडीत. विस्तार न मोजता ‘झाडाला एक झाकण’ असं टाकत गेलं की बारीक झाडाला जास्त आणि मोठ्याला कमी पडतं. जास्त झालेलं झाड ओळखू येतं: पेरं आखूड, पानं गुच्छात, मोहोर कोबीच्या गड्ड्यासारखा दाटलेला. अशा मोहोरात भुरी आणि तुडतुडे मजेत राहतात आणि फवारा आत शिरत नाही. दहा वर्षांखालच्या, खोडकिडा लागलेल्या किंवा पानं पिवळी पडलेल्या झाडाला कल्टार देऊच नये. आणि ज्याला द्यायचं त्याचं खत त्या वर्षी चुकवायचं नाही. बिनखताचं कल्टार म्हणजे उपाशी बैलाला चाबूक. चार-पाच वर्षं मोहोर दिसतो आणि मग फांद्या शेंड्याकडून वाळत येतात.

आंब्याचा खोडकिडाही याच दिवसांत बघून घ्यावा. खोडाशी किंवा फांदीच्या बेचक्यात लाकडाचा भुसा पडलेला दिसला की भोकात तार घालून अळी ओढून काढायची, क्लोरपायरीफॉस 20 ई.सी. लिटरला 5 मिली या प्रमाणात भोकात सोडायचं आणि चिखलाने लिंपायचं. मोठ्या कलमाची एक फांदी वाचली म्हणजे दहा-बारा डझन वाचले.

पालवी ते कणी: फवारणी कुठे वाचते, कुठे वाचत नाही

हापूसचे मोहोरातले शत्रू मुख्यतः तीन: रस शोषणारे तुडतुडे, आणि भुरी व करपा हे बुरशीचे रोग. गेल्या काही हंगामांत त्यात फुलकिडे जोरात आले आहेत. विद्यापीठ दर वर्षी फवारणीचं वेळापत्रक काढतं. त्याचा सांगाडा साधारण असा आहे. पोपटी पालवी आल्यावर डेल्टामेथ्रीन 2.8 ई.सी., 10 लिटरला 9 मिली. बोंगे (मोहोराचे कोंब) फुटताना लॅम्बडा सायहॅलोथ्रीन 5 ई.सी., 6 मिली. त्यानंतर पंधरा दिवसांनी इमिडाक्लोप्रिड 17.8 एस.एल., 3 मिली, आणि पुढच्याला थायोमेथोक्झाम 25 डब्ल्यू.जी., 1 ग्रॅम. भुरीसाठी दुसऱ्या-तिसऱ्या फवारणीत हेक्झाकोनॅझोल 5 ई.सी. 5 मिली किंवा पाण्यात विरघळणारं गंधक 20 ग्रॅम. औषधांच्या मान्यता बदलतात, म्हणून चालू वर्षाचं पत्रक कृषी सहायकाकडून घ्यावं आणि बाटलीवरचा काढणीपूर्व काळ वाचावा.

यातली पहिली दोन कामं कधीही टाळू नयेत. पालवीवर तुडतुडे मारले तर मोहोरावर त्यांची फौज उभी राहत नाही. ते दिवसा खोडाच्या भेगांत आणि आतल्या सावलीत बसतात, म्हणून पहिल्या फवारणीला खोड आणि जाड फांद्याही भिजवायच्या. नुसती बाहेरची पानं ओली करून गडी पुढे सरकला की ती फवारणी वाया गेली असं समजावं.

तिसरीपासून पुढे मात्र बघून ठरवावं. सकाळी झाडाखाली उभं राहून मोहोराची काडी हातावर झटकायची. तुडतुडे तुरळक असतील आणि आकाश स्वच्छ असेल तर चार-सहा दिवस थांबता येतं. मळभ आलं, पहाटे दव आणि दिवसा दमटपणा असेल तर भुरीचं औषध लगेच, कीटकनाशक असो-नसो. फुलकिड्यांसाठी पांढरा कागद मोहोराखाली धरून झटकावा. बारीक पिवळसर धावते ठिपके दिसले तरच स्पिनोसॅड 45 एस.सी., 10 लिटरला 2.5 मिली. ते महाग आहे, सरसकट मारायचं नाही. सायहॅलोथ्रीनच्या जातीची औषधं पुन्हापुन्हा मारल्याने फुलकिडे कमी होत नाहीत, उलट त्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि फुलकिडे वाढतात. दुकानदाराने ‘सगळं एकत्र’ म्हणून चार बाटल्यांचा घोळ करून दिला तर तो परत करावा.

मोहोर पूर्ण फुललेला असताना शक्यतो कीटकनाशकाचा पंप बंद. हापूसच्या मोहोरात संयुक्त (नर-मादी दोन्ही भाग असलेली) फुलं मुळातच कमी, नर फुलं जास्त. परागीकरण करतात त्या माश्या आणि मधमाश्याच. फवारणी करावीच लागली तर ती संध्याकाळी. नुसत्या हापूसच्या बागेत शेकडा दहा झाडं रत्ना, केसर किंवा रायवळची (गावठी आंब्याची) असावीत ती याचसाठी. जुन्या माणसांनी बांधावर ठेवलेला बिटकीचा आंबा उगाच ठेवलेला नाही.

फळगळ आणि पुनर्मोहोर

जानेवारीत झाडावर वाटाण्याएवढी कणी, म्हणजे कोवळं फळ, दिसते, मालक खूश होतो, आणि थंडीची दुसरी लाट येते. त्याच काडीवर कणीच्या बुडाशी नवा मोहोर फुटतो. झाड अन्न नव्या मोहोराकडे वळवतं आणि पहिली कणी पिवळी पडून गळते. लवकर आलेला, म्हणजे भावाचा आंबा असा जातो. यावर जिबरेलिक आम्ल 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटरला 1 ग्रॅम, ही शिफारस आहे: पहिला मोहोर पूर्ण फुलल्यावर एकदा आणि कणी मोहरीएवढी झाल्यावर एकदा. पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळायची. हा खर्च ज्या झाडांवर लवकरचा मोहोर आहे आणि थंडी टिकून आहे, तेवढ्यांवरच करावा. सहसा ती आठ-दहा झाडं असतात.

पाण्याची सोय असेल तर फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून झाडाला 150 ते 200 लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. काढणीच्या महिनाभर आधी बंद. मोहोर येण्याआधी दिलेलं पाणी उलटं काम करतं, पालवी फुटते. वाटाणा, गोटी आणि अंडं या तीन आकारांना पोटॅशियम नायट्रेट एक टक्का, म्हणजे 10 लिटरला 100 ग्रॅम, फवारलं तर गळ कमी होते आणि वजन वाढतं.

फळं अंड्याएवढी झाली की हाताला येतील तेवढ्यांना 25 बाय 20 सेंटीमीटरच्या कागदी पिशव्या घालाव्यात. फळमाशी लागत नाही, डाग पडत नाहीत, साक्याचं (आतला गर बिघडण्याचं) प्रमाण उतरतं, आणि थेट विक्रीत असं फळ वेगळ्या भावाने जातं. चाळीस झाडांच्या बागेला हे जमतं, पाचशेवाल्याला जमत नाही. छोटेपणाचा फायदा असतो तो असा. उरलेल्या झाडांसाठी मिथिल युजेनॉलचे रक्षक सापळे एकरी दोन, फांदीला सावलीत टांगायचे.

साका, वणवा, माकडं

साका बाहेरून दिसत नाही. फळ देखणं, वास चांगला, आणि कापल्यावर बाठ्याजवळ पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर. गिऱ्हाईक एकदा फसलं की पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. तापलेल्या जमिनीची झळ आणि झाडावर जास्त दिवस राहिलेलं फळ ही त्याची मोठी कारणं. तीनशे ग्रॅमच्या वरच्या फळात तो जास्त दिसतो. उपाय दोन: मार्चपासून झाडाखाली सुक्या गवताचं किंवा पाल्याचं चार-सहा बोटं जाड आच्छादन, आणि वेळेवर काढणी.

पण आच्छादन म्हणजे झाडाखाली ठेवलेलं सरपण. डिसेंबर संपण्याआधी बागेच्या चारी बाजूंनी तीन-चार मीटर रुंद पट्टा खरवडून मोकळा करावा, विजेच्या तारांखालीही. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) गवताला लागलेली आग वाऱ्याबरोबर अर्ध्या तासात बाग ओलांडते, आणि होरपळलेलं कलम मेलं नाही तरी तीन-चार वर्षं फळत नाही.

माकडांवर खात्रीचा उपाय कुणाकडे नाही. फटाके, बंदुकीचा आवाज, जाळी, कुत्रा, सगळं थोडे दिवस चालतं. टिकतो तो राखण्या माणूस, आणि चाळीस झाडांना तो परवडत नाही. शेजारच्या पाच-सहा बागांनी मिळून एक गडी फेब्रुवारी ते मे ठेवावा. त्यालाच फवारणी आणि काढणीत घेतलं की पगार वसूल होतो.

काढणी: चौदा आणे

फळ चौदा आणे तयार झालं की उतरवायचं, सोळा आण्यांची वाट बघायची नाही. ओळखायचं असं: देठाजवळचे दोन्ही खांदे देठाच्या वर येतात आणि देठाशी खळगा पडतो. गडद हिरवा रंग फिकट होऊन पोपटीकडे झुकतो. सालीवरचे ठिपके मोठे आणि ठळक होतात. शंका आली तर दोन-चार फळं पाण्याच्या बादलीत टाकावीत, तयार फळ बुडतं. एकाच झाडावर तीन मोहोरांची फळं असतात, त्यामुळे एका दिवसात झाड खाली करणं म्हणजे तिसरा हिस्सा कोवळा उतरवणं. एका झाडाला तीन-चार वेळा जावंच लागतं.

काढणी सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. नूतन झेल्याने (पातं आणि जाळी असलेल्या काठीने), तीन ते पाच सेंटीमीटर देठ राखून. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, आणि तिथे आठ दिवसांनी काळा पट्टा उमटतो. बाजारात तोच डाग. भर उन्हात उतरवलेली किंवा उघड्या टेम्पोत तापलेली फळं साक्याकडे जातात, म्हणून क्रेट झाडाच्या सावलीत ठेवावेत आणि तळाला पेंढा घालावा. हातातून पडलेलं फळ बाजूला ठेवायचं, कितीही चांगलं दिसलं तरी. ते आढीत पहिलं नासतं आणि शेजारच्या चारांना घेऊन जातं.

आढी

हवेशीर, सावलीच्या खोलीत जमिनीवर भाताच्या पेंढ्याचा चार बोटं थर, त्यावर आंब्यांची एक रांग, पुन्हा पेंढा. तीनपेक्षा जास्त थर नको, खालचे दबतात. एका दिवसाची काढणी एका आढीत, आणि वर तारीख लिहिलेली चिठ्ठी. चौथ्या-पाचव्या दिवशी आढी परतायची, मऊ पडलेली आणि काळा ठिपका वाढलेली फळं काढायची. मार्चमध्ये दहा-बारा दिवस लागतात, मेमध्ये सहा ते आठ. कॅल्शियम कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे, आणि त्याने साल पिवळी होते, गर तसाच राहतो. घाईच असेल तर इथिलीनची पिकवण खोली भाड्याने मिळते.

गिऱ्हाईकाला पाठवायचा आंबा पूर्ण पिकवून भरू नये. रंग अर्धा फिरला आणि वास सुटला की डझनाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचा. भरताना वजनावर निवड करावी: 200 ते 250 ग्रॅम एका खोक्यात, 250 ते 300 दुसऱ्यात. बारा फळं एकसारखी दिसली की भावावर घासाघीस कमी होते. खोक्यात एक चिठ्ठी: मिळाल्याबरोबर खोकं उघडा, फळं पसरून ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका. साका निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या खोक्यात तेवढी फळं जास्त देऊ. हे वचन पाळायला फार फळं लागत नाहीत आणि गिऱ्हाईक टिकतं.

कुठे विकायचं

वाशीच्या बाजारात माल पाठवताना पट्टी नीट वाचायला शिकावं. 2016 पासून फळांवरची अडत शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची असा राज्याचा नियम आहे. तरी हमाली, तोलाई, भाडं वजा होतंच. खरा फास उचलीचा असतो. ऑगस्टमध्ये खतासाठी आणि कल्टारसाठी दलालाकडून पैसे घेतले की एप्रिलमध्ये माल त्याच्याच गाळ्यावर घालावा लागतो, भाव काहीही लागो. सत्तर हजारांच्या खर्चासाठी किसान क्रेडिट कार्डाचं पीककर्ज घेणं कितीतरी स्वस्त.

थेट विक्री ऐकायला सोपी आहे. 160 डझन म्हणजे चाळीस घरं, घरटी चार डझन. एवढी यादी पहिल्या वर्षी होत नाही. पहिल्या वर्षी चाळीस डझन, बाकी बाजारात, असं चढत जावं. गावचे चाकरमानी हे पहिलं गिऱ्हाईक आणि तेच पुढची जोडून देतात. पाच-सहा बागांचा माल एका गाडीत गेला की डझनामागचं भाडं उतरतं. 2018 मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून खोक्यावर ते लावता येतं. कर्नाटकचा आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातो त्या बाजारात याचा उपयोग होतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर उरलेलं फळ धरून ठेवण्यात शहाणपण नाही. पाऊस तोंडावर आला की फळमाशी आणि करपा दोन्ही वाढतात आणि भाव रोज उतरतो. निवडून कॅनिंगला घालावं आणि झाडं मोकळी करावीत.

बाग कराराने देणं

गावी राहणं शक्य नसेल तर चाळीस झाडं कराराने देणं हा बहुतेकांचा मार्ग. तोटा रकमेत नसतो, झाडात असतो. एका हंगामाच्या करारदाराला पुढच्या वर्षाशी देणंघेणं नाही, तो कल्टार ओतून मोकळा होतो. म्हणून करार तीन वर्षांचा आणि कागदावर करावा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: झाडागणिक कल्टारची मात्रा, जूनमध्ये घालायचं खत कोण आणि किती घालणार, आणि फांद्या मोडल्यास भरपाई. मात्रा घालताना घरचं कुणीतरी हजर असावं.

नवीन कलमं लावायची असतील तर

मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, वरची माती, चार-पाच घमेली शेणखत, दोन-तीन किलो सुपर फॉस्फेट. कातळावर खड्डा फोडायचा आणि माती आणून भरायची म्हणजे खर्च कित्येक पट, तो आधी काढून बघावा. कोय कलम लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालून फुटलेला प्रत्येक फुटवा खुडला पाहिजे. नाहीतर पाच वर्षांनी कळतं की वाढलाय तो रायवळ. पहिली तीन-चार वर्षं मोहोर दिसला की काढून टाकायचा. हिशेबात धरण्यासारखं उत्पन्न सहाव्या-सातव्या वर्षापासून.

पाच बाय पाच मीटरवर एकरी 160 झाडं बसतात आणि पहिली बारा-पंधरा वर्षं उत्पन्न जास्त मिळतं, पण दर वर्षी काढणीनंतर छाटणी करायची तयारी असेल तरच. छाटणी दोन वर्षं चुकली की फांद्या एकमेकांत शिरतात, आत ऊन जात नाही आणि फळ फक्त शेंड्याला लागतं. अनुदानासाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणात दहा गुंठ्यांपासून अर्ज करता येतो. पैसे तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे, जगलेल्या झाडांच्या प्रमाणावर मिळतात. त्यामुळे पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी कोण घालणार हे अर्जाआधी ठरवावं.

आणि फळपीक विमा. हवामानावर आधारित योजनेत, गारपिटीचं जादा संरक्षण सोडलं तर, नुकसान बागेत येऊन मोजत नाहीत. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस, तापमान किंवा वाऱ्याची ठरावीक मर्यादा ओलांडली गेली तरच भरपाई मिळते. तुमच्या सड्यावर अवकाळी पाऊस पडला आणि केंद्र कोरडं राहिलं तर भरपाई नाही. तरीही अवकाळी पावसाचं वाढलेलं प्रमाण बघता हप्ता भरावा. त्याआधी ई-पीक पाहणीत आंब्याची झाडं नोंदवलेली आहेत का ते सातबाऱ्यावर बघावं, नसतील तर अर्ज तिथेच अडतो.